किती घाणे निघतील?

प्रिय मॅडम,
मी तासगाव तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता अकरावी सायन्सला सगळं इंग्रजीत. बाकीचं हळूहळू जमतंय, पण लिमिटिंग रिएजंटची गणितं, म्हणजे दोन पदार्थांपैकी कुठल्यामुळे अभिक्रिया अडते ते शोधायची, काही केल्या बसत नाहीत. सगळीच चुकतात असंही नाही. पाचातली दोन-तीन बरोबर येतात, पण ती का बरोबर आली तेही कळत नाही. आधी मी ज्याचे ग्रॅम कमी ते लिमिटिंग धरायचे. क्लासचे सर म्हणाले, "ग्रॅम नाही, मोल काढ आणि कमी ते घे. सोपं तर आहे." आता तसं करते, तरी चुकतं. मैत्रीण मोलांना कशाने तरी भागते. का भागायचं ते तिलाही माहीत नाही. आणि भागल्यावर पुढे कुठला आकडा घ्यायचा, भागलेला की आधीचा? वर्गात विचारलं तर हसतील. चुकलेली दोन गणितं सोबत पाठवते. पहिलं माझ्या जुन्या पद्धतीने केलंय, दुसरं सरांच्या. बाबांची द्राक्षबाग आहे. ते म्हणतात, नाही झेपत तर आर्ट्सला जा. मला ॲग्रीला जायचंय.
— एक विद्यार्थिनी

तुझ्या पत्रातलं "ती का बरोबर आली तेही कळत नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, पण बरोबर आलेल्या उत्तराबद्दल तक्रार घेऊन येणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकीच भेटली. तेव्हा आर्ट्सचं तूर्त राहू दे. आर्ट्सला जायचं तर ते आवडतं म्हणून जावं, या गणितांच्या धास्तीने नको. खोट आहे ती तू वापरतेस त्या नियमात, आणि तो नियम तुला आम्हा शिक्षकांकडूनच मिळालाय.

थोडा वेळ रसायनशास्त्र बाजूला ठेवू. तुमच्याकडे गणपतीला तळणीचे मोदक होत असतील, पण उकडीचे पाहिले असशीलच. समज, परातीत ६०० ग्रॅम उकड मळून तयार आहे आणि पातेल्यात ५०० ग्रॅम सारण. एका मोदकाच्या पारीला ३० ग्रॅम उकड लागते आणि पोटात २० ग्रॅम सारण जातं. आधी काय संपेल?

वजनं बघून कुणी पटकन म्हणेल, सारण. ते १०० ग्रॅमने कमीच आहे ना. पण हिशेब कर. उकडीत २० पाऱ्या होतात. सारण २५ मोदकांना पुरलं असतं. म्हणजे मोदक होणार २०, उकड संपणार आणि १०० ग्रॅम सारण उरणार. ते काही वाया जात नाही, पोरं चमच्याने खातात. उलट झालं असतं आणि उकड उरली असती, तर कोकणातल्या बायका तिच्यात मिरची-जिरं घालून निवगऱ्या करून मोकळ्या होतात.

उकड वजनाने जास्त होती, तरी आधी संपली. कारण दर मोदकाला ती जास्त लागते. पातेल्यात किती आहे एवढं बघून भागत नाही, एका मोदकाला किती लागतं तेही बघावं लागतं. लिमिटिंग रिएजंट म्हणजे 'कमी असलेला' असं तू मनात धरून बसली आहेस, आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. वहीच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून ठेव: लिमिटिंग म्हणजे आधी संपणारा. इंग्रजी शब्द पेपरात लिही, विचार करताना हा वापर.

आता तुझं पहिलं गणित. ८१ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि २०० ग्रॅम फेरिक ऑक्साइड घेतलं, तर जास्तीत जास्त किती लोखंड मिळेल? ही थर्माइटची अभिक्रिया. रेल्वेचे रूळ जागेवर सांधताना हीच वापरतात, वितळलेलं लोखंड सरळ सांध्यात ओततात. समीकरण तू बरोबर लिहिलंयस:

२ ॲल्युमिनियम + १ फेरिक ऑक्साइड → १ ॲल्युमिनियम ऑक्साइड + २ लोखंड

तू म्हणालीस, ८१ हे २०० पेक्षा कमी, म्हणून ॲल्युमिनियम लिमिटिंग. ॲल्युमिनियमचा एक मोल (कणांचा ठरावीक मोठा गठ्ठा) २७ ग्रॅमचा, तेव्हा ८१ ग्रॅम म्हणजे ३ मोल, म्हणून लोखंडही ३ मोल, म्हणजे १६८ ग्रॅम. आकडेमोड सगळी चोख. पण एक गोष्ट बघ. लोखंड येतं कुठून? फक्त फेरिक ऑक्साइडमधून. फेरिक ऑक्साइडचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलाचं वजन, १६० ग्रॅम, त्यात लोखंडाचा वाटा ११२. म्हणजे २०० ग्रॅममध्ये लोखंड आहेच मुळी १४० ग्रॅम. आडातच १४० आहे, तर तुझ्या पोहऱ्यात १६८ कुठून आलं?

दुसरं गणित अमोनियाचं. ५६ ग्रॅम नायट्रोजन, १० ग्रॅम हायड्रोजन.

१ नायट्रोजन + ३ हायड्रोजन → २ अमोनिया

इथे तू सरांचा नियम लावलास. नायट्रोजन २ मोल, हायड्रोजन ५ मोल, दोनच कमी, म्हणून नायट्रोजन लिमिटिंग. त्यातून ४ मोल अमोनिया, म्हणजे ६८ ग्रॅम. पुन्हा आकडेमोड बरोबर. पण भांड्यात तू घातलंस ५६ अधिक १०, म्हणजे ६६ ग्रॅम, आणि बाहेर काढतेस ६८. वरचे दोन ग्रॅम कुणी दिले? द्रव्याच्या अक्षय्यतेचा नियम शाळेत शिकलीस, तो पाठ करून सोडून द्यायचा नसतो. तो अशा वेळी कामाला येतो. उत्तर लिहून झालं की दहा सेकंद थांबून बघायचं, घातलं त्यापेक्षा जास्त तर निघत नाही ना.

तुझ्या कोड्याची किल्लीही याच दोन गणितांत आहे. नियमांची अदलाबदल कर. थर्माइटला सरांचा नियम लाव: ॲल्युमिनियम ३ मोल, फेरिक ऑक्साइड सव्वा मोल, म्हणून फेरिक ऑक्साइड लिमिटिंग. बरोबर! अमोनियाला तुझा जुना ग्रॅमचा नियम लाव: १० ग्रॅम हे ५६ पेक्षा कमी, म्हणून हायड्रोजन लिमिटिंग. तेही बरोबर! दोन्ही नियम चुकीचे, आणि दोन्ही अधूनमधून बरोबर उत्तर देतात. म्हणून पाचातली दोन-तीन येतात. नेहमी चुकणारा नियम माणूस आठवड्यात टाकून देतो. हे असले नियम मात्र वर्षभर मानगुटीवर बसतात.

तुझ्या सरांना दोष देताना जरा हात आखडता घेते, कारण मी स्वतः पहिली काही वर्षं हेच सांगायचे. "मोल काढा, लहान आकडा घ्या." मुलांना वर्गात सगळं यायचं आणि परीक्षेत निम्मी आपटायची. मी त्यांच्या आळसाला बोल लावायचे. मग एकदा माझ्याच नोट्स चाळताना ध्यानात आलं की मी फळ्यावर घेत असलेली जवळजवळ सगळी उदाहरणं १ ला १ प्रमाणाची होती. जस्त आणि कॉपर सल्फेट, कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. एकास एक असेल तिथे कमी मोल तोच आधी संपणारा, तिथे तो नियम चुकूच शकत नाही. पेपर काढणारा मात्र ३ आणि २ सहगुणकांची समीकरणं निवडतो. मुलांचं काही चुकत नव्हतं, मीच त्यांना अर्धा नियम दिला होता.

आता मैत्रिणीचं भागणं. ती भागते ते समीकरणातल्या सहगुणकाने, म्हणजे पदार्थाच्या नावाआधी जो आकडा असतो त्याने. का?

स्वयंपाकघरातला आणखी एक शब्द उसना घेऊ, घाणा. भज्यांचा एक घाणा, चकल्यांचा एक घाणा. संतुलित समीकरण म्हणजे एका घाण्याची कृती. अमोनियाच्या एका घाण्याला १ मोल नायट्रोजन आणि ३ मोल हायड्रोजन लागतो, आणि त्यातून २ मोल अमोनिया उतरतो. तुझ्याकडे नायट्रोजन २ मोल आहे, घाण्याला १ लागतो, म्हणजे तो २ घाण्यांना पुरेल. हायड्रोजन ५ मोल आहे, घाण्याला ३ लागतो, म्हणजे पाच तृतीयांश, पावणेदोनपेक्षा किंचित कमी घाणे. आधी कोण संपणार? हायड्रोजन. मोल भागिले सहगुणक म्हणजे 'हा पदार्थ किती घाण्यांना पुरेल'. एवढंच आहे ते भागणं. तुलना करायची ती घाण्यांची. ग्रॅमची तुलना म्हणजे उकडीच्या वजनाची सारणाच्या वजनाशी केलेली तुलना. नुसत्या मोलांची तुलना म्हणजे 'माझ्याकडे दोन चाकं आहेत आणि पाच स्क्रू आहेत, म्हणून चाकं आधी संपतील' असं म्हणणं. एका चाकाला किती स्क्रू लागतात ते बघितलंच नाही.

तू विचारलंस, भागल्यावर पुढे कुठला आकडा घ्यायचा. फार चांगला प्रश्न आहे, आणि हुशार म्हणवणारी मुलंही इथेच घसरतात. भागून आलेला आकडा मोलांचा नाही, घाण्यांचा आहे. ज्याचे घाणे कमी तेवढेच घाणे निघणार, दुसऱ्याचे घाणे विसरून जा. मग त्या एका आकड्याला ज्या पदार्थाचं उत्तर हवं त्याच्या सहगुणकाने गुण, की त्या पदार्थाचे मोल मिळाले. अमोनियाचं करून दाखवते:

घाणे निघणार ५/३.
अमोनिया तयार: ५/३ गुणिले २, म्हणजे १०/३ मोल. गुणिले १७, म्हणजे ५६.७ ग्रॅम.
नायट्रोजन वापरला: ५/३ गुणिले १, म्हणजे ५/३ मोल. होता २, उरला १/३ मोल, म्हणजे ९.३ ग्रॅम.
पडताळा: ५६.७ अधिक ९.३ बरोबर ६६. घातलं तेवढं सापडलं.

५/३ चं १.६७ करू नकोस. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो, आणि अपूर्णांक शेवटपर्यंत तसाच ठेवला तर पुष्कळ वेळा आपोआप कटतो. दशांशात गेलीस की मधेच कुठेतरी आकडा घासला जातो, आणि शेजारशेजारच्या दोन पर्यायांत मन डळमळतं.

थर्माइट आता तू स्वतः कर. घाणे येतील ॲल्युमिनियमचे दीड आणि फेरिक ऑक्साइडचे सव्वा. सव्वा घाण्यांत लोखंड अडीच मोल, १४० ग्रॅम. ॲल्युमिनियम उरेल अर्धा मोल, साडेतेरा ग्रॅम. ॲल्युमिनियम ऑक्साइड किती ते काढ आणि सगळ्याची बेरीज २८१ येते का बघ. १४० हा आकडा ओळखीचा वाटतोय ना? ऑक्साइडमध्ये जेवढं लोखंड होतं तेवढं सगळं बाहेर आलं. आधी संपणारा पदार्थ पूर्ण संपला, म्हणजे असं.

एक गोष्ट सांगू की नको असं झालंय, कारण काही शिक्षकांना ती आवडत नाही. पण सांगते. मोलांत न शिरताही हे करता येतं. एका घाण्याचं वजनच काढ. अमोनियाच्या घाण्याला २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ६ ग्रॅम हायड्रोजन लागतो. ५६ ला २८ ने भाग, १० ला ६ ने भाग: तेच २ आणि ५/३. मोदकातले ३० आणि २० ग्रॅम ते हेच. उत्तरपत्रिकेत मोल दाखवच, पायऱ्यांना गुण असतात. पण मनातल्या मनात पडताळायला ही वाट जवळची आहे.

आता कुठे कुठे पाय घसरतो ते सांगते. पेपर तपासताना लाल शाई इथेच जास्त संपायची.

सगळ्यात जास्त ती वायूंच्या रेणूंपाशी. हायड्रोजन १० ग्रॅम म्हणजे १० मोल, असं बिनदिक्कत लिहून मुलं पुढे जातात. भांड्यात हायड्रोजन जोडीने असतो, मोलर वस्तुमान २. नायट्रोजन २८, ऑक्सिजन ३२, क्लोरिन ७१. दुसरं असंतुलित समीकरण. कृतीच चुकीची असेल तर घाणे मोजून काय उपयोग? आधी संतुलन, मग बाकीचं.

द्रावणांत आणखी एक खाच आहे. प्रयोगशाळेत हे करून बघ, तुमच्या मॅडम नाही म्हणणार नाहीत. मॅग्नेशियमची फीत २.४ ग्रॅम आणि १ मोलर (म्हणजे लिटरमध्ये १ मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल १०० मिलिलिटर. एका मॅग्नेशियमला २ आम्ल लागतं. मॅग्नेशियम ०.१ मोल. आम्ल मिलिलिटरमध्ये दिलंय, ते आधी लिटरमध्ये आण: ०.१ लिटर गुणिले १, म्हणजे ०.१ मोल. मोल दोन्हीकडे सारखे, आणि इथे सरांच्या नियमाची बोबडी वळते, कारण कमी कुणीच नाही! घाणे मात्र मॅग्नेशियमचे ०.१ आणि आम्लाचे ०.०५. आम्ल आधी संपणार, निम्मी फीत उरणार. चंचुपात्रात पुरं दिसतं हे. आधी नुसती खळबळ, बुडबुड्यांचा फेस वर येतो, काच हाताला गरम लागते. मग बुडबुडे विरळ होत जातात, एकेक करून सुटतात, आणि शेवटी थांबतात. खाली फितीचे तुकडे तसेच पडून असतात, कडा कुरतडल्यासारखे. पहिल्यांदा बघणारी मुलं म्हणतात, "मॅडम, प्रयोग बंद पडला." बंद पडलेला नसतो, आम्ल संपलेलं असतं. वरून पिपेटने थोडं आम्ल सोडलं की पुन्हा फसफसायला लागतं.

हायड्रोजन मिळेल ०.०५ मोल. आकारमान विचारलं तर प्रश्नात काय दिलंय ते बघ. एक मोल वायूला कुठे २२.४ लिटर धरतात, कुठे २२.७. पहिला आकडा ० अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअर दाबाचा, दुसरा त्याच तापमानाला १ बार दाबाचा. दोन्ही बरोबर आहेत, पण तुझ्या पुस्तकात जो वापरलाय तोच वापर.

इंग्रजीचा तुझा प्रश्न खरा आहे, पण या प्रकरणात शब्द मोजके आहेत. 'इन एक्सेस' दिसलं की तो पदार्थ मुबलक आहे, आधी संपणारा शोधायची गरजच नाही, दुसराच तो. 'मॅक्झिमम अमाउंट' म्हणजे आधी संपणाऱ्यावरून काढलेलं उत्तर. 'लेफ्ट अनरिॲक्टेड' म्हणजे उरलेल्याबद्दल विचारताहेत, तयार झालेल्याबद्दल नाही. पर्यायांत तयार मालाचा आकडाही मुद्दाम ठेवलेला असतो, आणि घाईत मुलं त्यावरच खूण करतात. दोन्ही अभिकारकांची मापं दिलेली असतील आणि 'एक्सेस' कुठेच नसेल, तर समज, घाणे मोजायला सांगताहेत. 'पर्सेंटेज यील्ड' आलं, तर आधी घाण्यांवरून किती मिळायला हवं होतं ते काढ, मग प्रत्यक्ष मिळालेल्याला त्याने भाग आणि शंभराने गुण. सीईटीत चुकीला गुण कापत नाहीत, नीटमध्ये कापतात. ॲग्रीला सीईटी चालते, तेव्हा एखादं गणित अडलं तरी उत्तर रिकामं सोडू नकोस.

कागदावर दोन्ही पदार्थ नेमके प्रमाणात घेता येतात. बाहेरच्या जगात मात्र कुणाला आधी संपू द्यायचं हे बहुतेक वेळा माणूस ठरवतो. स्वस्त आणि निरुपद्रवी असेल ते जास्त घालायचं, महाग किंवा घातक असेल ते पूर्ण संपवायचं. गॅसच्या शेगडीतही तेच आहे. हवा मुबलक असली की ज्योत निळी आणि गॅस आधी संपणारा. बर्नरची भोकं तुंबली, हवा कमी पडली, की आधी संपणारा होतो ऑक्सिजन. ज्योत पिवळी पडते आणि पातेल्याचं बूड काजळीने काळं होतं. बंद बाथरूममधला गॅस गिझर जीव घेतो तोही याच कारणाने. खोलीतला ऑक्सिजन अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला ना रंग ना वास. तुमच्याकडे तो गिझर असेल तर खिडकी उघडी ठेवायला घरात सांग, हे गणितापेक्षा महत्त्वाचं.

आणि तू द्राक्षवाल्याची मुलगी. तुला मी मोदक कशाला सांगत बसले, लिमिटिंग रिएजंट तर तुमच्या बागेत दरवर्षी पावसाळ्यात तयार होतो. डावणी या द्राक्षावरच्या रोगासाठी बाबा बोर्डो मिश्रण मारत असतील. एक टक्क्याचं प्रमाण त्यांना झोपेतही सांगता येईल: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. (फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भिववायला असलं निळं मिश्रण शिंपडत. त्या वेलींवर रोग कमी दिसतो हे मिलार्डे नावाच्या शास्त्रज्ञाच्या नजरेत आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. चोरांचे आपल्यावर उपकार आहेत म्हणायचे.)

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पण स्फटिकातल्या पाण्यासकट. म्हणून मोलर वस्तुमान १५९.५ नाही, २४९.५ घ्यायचं. आपण २५० धरू. विरवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, ७४. खरी अभिक्रिया गुंतागुंतीची आहे, त्यात बेसिक कॉपर सल्फेटं तयार होतात. पण आपल्या गणितापुरतं एकास एक धरू. १ किलो मोरचूद म्हणजे ४ मोल. तो चुना विरवलेला धरला तर १ किलोचे साडेतेरा मोल. वजन सारखं, पण चुना तिपटीहून जास्त!

मग एवढा चुना का ओततात? कारण इथे मोरचूद आधी संपायलाच हवं. मोकळं कॉपर सल्फेट द्रावणात राहिलं तर कोवळी पानं करपतात. चुना उरला तर फारसं बिघडत नाही. शिवाय गोणीतला चुना कधीच शंभर टक्के चुना नसतो. जुना झाला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची खडू होत जाते, आणि ती खडू मोरचुदाशी नीट काम करत नाही. म्हणून हातचं राखून चुना जास्त घेतात.

आणि जुन्या शेतकऱ्यांकडे याची परीक्षाही आहे. मिश्रण झालं की त्यात विळ्याचं किंवा चाकूचं घासून लख्ख केलेलं लोखंडी पातं मिनिटभर बुडवतात. पातं जसंच्या तसं निघालं तर फवारणीला हरकत नाही. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, मोरचूद अजून मोकळं आहे, आणखी चुन्याचं पाणी घाला. दहावीला कॉपर सल्फेटमध्ये खिळा बुडवून केलेला प्रयोग तोच हा. बाबांनी 'लिमिटिंग रिएजंट' हा शब्द ऐकला नसेल, पण आधी कोण संपलं ते ओळखायची परीक्षा त्यांच्या हातात आहे. पुढच्या फवारणीला जाऊन बघ, आणि त्यांनाच विचार की पातं लाल झालं तर ते काय करतात.

तोवर एक गणित. १ किलो मोरचूद घेतलं, आणि चुन्याच्या गोणीत खडूच जास्त निघाली, कामाचा विरवलेला चुना निघाला फक्त २२२ ग्रॅम. घाणे किती निघतील, कोण उरेल आणि किती ग्रॅम? शिवाय त्या पाण्यात विळा बुडवला तर पात्यावर काय दिसेल, तेही उत्तरात लिहून पाठव.